एकतीस नंबरच्या डब्यातली बाटली

मामा, सतरा आणि एकतीस हे नमुन्यांचे दोन डबे काल दुपारी मी शेजारी शेजारी ठेवले. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. नोकरीत होतात तोवर दर मार्चला तुम्ही ते असेच ठेवायचात आणि मी ते उचलून पुन्हा लांब करायची. आता नाही हलवणार.

काय म्हणायची मी तेव्हा? 'मामा, हे वर्गीकरण आहे, रेशनचं दुकान नाही. ज्याची जागा त्याला.' आणि तुम्ही फडकं खांद्यावर टाकून म्हणायचात, 'न्हाय बाई, म्हटलं भावंडं हायती. जवळ असली की बरं.' एवढंच. त्याच्यापुढे कधी एक शब्द नाही. मी हसल्यासारखं करायची. त्या हसण्यामागे काय होतं ते आज लिहायचंय. तोंडानं बोलायला तीन आठवड्यांचा उशीर झाला, म्हणून लिहायचंय. आणि हे कॉलेजच्या अंकात छापायला देतेय, कारण खोटं मी छापूनच केलं होतं.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्ही आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर, म्हणून सगळ्या कॉलेजचे मामा. मंगळवेढ्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. शाळा सातवीपर्यंत. मी त्याच विभागात शिकवणारी, वयानं तुमच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, आणि तुमच्या रजेच्या अर्जावर सही करणारी. हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. पुढे लागणार आहे.

तुम्ही समुद्र पहिल्यांदा पाहिलात तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा नीट आठवतो. शेवटच्या वर्षाच्या पोरांची सहल मालवणला नेली होती. सोलापूर ते कोल्हापूर एक एसटी, तिथून दुसरी. सकाळी किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पोरं ओरडत धावली. तुम्ही चपला काढून हातात घेतल्यात आणि उभे राहिलात. मला वाटलं, आता नमस्कार करतील. तुम्ही म्हणालात, 'एवढं पाणी, आन् एक मेंढरू पाजता यायचं न्हाय!'

मग ओहोटी लागली. काळे खडक हळूहळू उघडे पडले, खडकांमधल्या डबक्यांत पाणी राहिलं, आणि त्या डबक्यांत माझं पोवळं. दागिन्यातलं लाल पोवळं नव्हे. समुद्रात खडक बांधतं ते. वरून पाहिलं तर शेवाळ चढलेला मातकट गोळा, कुणी पाय देऊन पुढं जाईल असा. मी तुमच्या हातात भिंग दिलं आणि पोरांना बोलवायला गेले. परत आले तर तुम्ही ओल्या खडकावर पालथे पडलेले, हनुवटी पाण्याला टेकलेली.

'बाई, ही घरं कुणी बांधली?'

'आतच असतो तो.'

'गवंडी आत ऱ्हातो?'

मी सांगू लागले. वर्गात सांगते तसंच. ज्वारीच्या दाण्याएवढा मऊ जीव. पाण्यात विरघळलेला चुना ओढून घेतो आणि स्वतःभोवती पेल्यासारखी गोल भिंत घालतो, आत उभे पडदे, मधे खांब. घर खोल झालं की पायाखाली नवी फरशी घालतो आणि एक मजला वर चढतो. खालचा मजला रिकामा. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत भिंत एकच, सामाईक. त्याच्या अंगात त्याहूनही बारीक वनस्पती राहते, ती उन्हावर अन्न शिजवते आणि याला वाढते. मजल्यावर मजले, हजारो वर्षं, आणि मग असा खडक उभा राहतो की त्यावर जहाज फुटावं.

तुम्ही भिंग पुसून खाली ठेवलंत. मग म्हणालात, 'आमी मेंढरांचा तळ मोडून फुडं जातो. ह्ये तळावरच तळ बांधतंय.'

मामा, तोवर मी एम.एस्सी. झाले होते, पीएच.डी.चं निम्मं काम झालं होतं, पेल्यांचे व्यास मोजून वह्या भरल्या होत्या. पण या प्राण्यानं माझ्या अंगावर काटा आणला तो त्या सकाळी, तुमच्या एका वाक्यानं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आभार मानायची सवय नव्हती मला, माफी मागायची तर नव्हतीच.

नमुने घेऊन आलो. तेव्हा पोवळं काढायला कायद्याची बंदी यायची होती. आता आहे आणि ती हवीच. तुम्ही ते तुकडे ब्लीचिंगच्या पाण्यात घालून मऊ मांस काढलंत, धुतलेत आणि कॉलेजच्या गच्चीवर वाळत घातलेत. सोलापूरचं ऊन! दुसऱ्या दिवशी पांढरेशुभ्र, बोटानं वाजवले तर कपबशीसारखे वाजणारे. समुद्र शंभर कोसांवर आणि आपल्या गच्चीवर समुद्रातली गावंच्या गावं वाळत पडलेली.

त्याच वेळी मी तुम्हाला नियम शिकवला. नमुन्याचा कणसुद्धा टाकायचा नाही. तुटलं, सांडलं, धुताना तळाला बसलं, सगळं त्याच नंबरच्या डब्यात ठेवायचं. आणि लेबल मी लिहायचं, चिकटवायचं तुम्ही. माझ्या हातून डिंक नेहमी जास्त व्हायचा आणि शाई फुटायची. तुम्ही म्हणालात, 'शाई तुमची, डिंक माजा.' तेव्हापासून तसंच चाललं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं.

मी वाळलेल्या तुकड्यांचे दोन ढीग केले होते. एक बाहेरच्या, लाटा झेलणाऱ्या खडकावरचा: पेले लहान आणि खोल, भिंती जाड. दुसरा आतल्या शांत डबक्यांतला: पेले मोठे, उथळ, भिंती पातळ. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा यावर होता की या दोन जाती आहेत, आणि पातळ भिंतीची जात या किनाऱ्यावर पहिल्यांदाच सापडली आहे. पुण्याला माझे मार्गदर्शक सर खूश होते. बार्शीत माझे वडील धान्यबाजारात मापाडी, ते आल्यागेल्याला सांगत होते, 'आमच्या पोरीनं समुद्रात नवं जनावर धरलं.'

तुम्ही दोन्ही ढिगांतला एकेक तुकडा घेऊन खिडकीत उभे होतात. पोरं जर्नल लिहीत बसली होती.

'बाई, ह्ये दोन न्हायती. एकच हाय.'

'मामा, भिंत बघा. दुप्पट जाड आहे.'

'भिंतीचं सोडा. दात बगा.'

'कसले दात?'

'आतल्या पडद्यास्नी दात हायती की. खाली उतरताना दोन बारीक, मग खांबाजवळ एक मोटा. ह्यात बी तसंच, ह्यात बी तसंच.' आणि मग तुम्ही मला मेंढरांची गोष्ट सांगितलीत. काळ्या रानात चरलं की मेंढरू अंगानं भरतं, माळावर चरलं की वाळतं, लोकरसुद्धा बदलते. बाजारात घेणारा अंग बघून फसतो. धनगर तोंड उघडून दात बघतो.

'हे मेंढरू नाही मामा.'

'न्हाय की. पर बाई, माजी पाठ निराळी काळी हाय आन् सदऱ्याखालचं पोट निराळं. म्हून बिरू दोन हायती का?'

पोरं खोखो हसली. मला वाटलं माझ्यावर हसली. आज वाटतं, तशी काही नव्हती हसत. पण मी सत्तावीस वर्षांची होते, कच्च्या नोकरीवर होते. आणि माझ्या तोंडून निघालं, 'मामा, तुमचं काम माठ भरायचं आहे. तेवढं करा.'

तुम्ही तुकडे जिथले तिथे ठेवलेत. न चुकता, जाड जाडात, पातळ पातळात. मग माठ भरलात.

ते वाक्य मला परत घेता आलं असतं. त्याच दुपारी आला असता एक चहा, झालं असतं. पण खरं सांगू, त्या वाक्यापेक्षा मला तुमचे ते दात छळत होते. तुम्ही गेल्यावर मी भिंग घेऊन बसले. दोन बारीक, एक मोठा. दोन बारीक, एक मोठा. मी बावीस पेले तपासले आणि वही मिटली.

पुढच्या हिवाळ्यात आपण दोघंच पुन्हा मालवणला गेलो. मोठ्या ओहोटीचा दिवस होता. मी आतल्या डबक्यांत मापं घेत होते आणि तुम्ही लांब, पार कडेला गेला होतात. तुमची हाक आली ती मेंढरांना घालतात तशी. मी धडपडत आले. एक खडक मधोमध चिरलेला, आणि त्या भेगेच्या काठावर स्वार झाल्यासारखं एक पोवळं. एका अंगानं लाटेला तोंड दिलेलं, दुसरं अंग आत, शांत पाण्यावर ओणवलेलं. लाटेकडची भिंत जाड. आतली पातळ. मधे कुठे जोड नाही, सीमा नाही. जाडाचं पातळ होत गेलेलं, संध्याकाळ होते तसं. एकच जीव.

  आपण दोघं पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे होतो आणि भरती पुन्हा चढू लागली होती. मला आतून काय वाटलं सांगू? आनंद झाला. भीती नंतर आली. आधी नुसतं थक्क होणं. ज्या प्राण्याला डोळा नाही, मेंदू नाही, त्याला एका बाजूला वादळ आणि दुसऱ्या बाजूला शांतता आहे हे कळतं, आणि तो एकाच अंगानं दोन तऱ्हेची घरं बांधतो. जन्मभर ज्यासाठी अभ्यास करायचा ते माझ्या समोर होतं, आणि दाखवणारे तुम्ही होतात.

तो तुकडा तुम्ही छिन्नीनं सोडवलात, टॉवेलात गुंडाळलात आणि मालवणपासून सोलापूरपर्यंत मांडीवर धरून बसलात. कंडक्टरनं विचारलं, 'काय मामा, लेकरू का?' तुम्ही म्हणालात, 'व्हय, समुद्राकडचं हाय. झोपलंय.' सांगोला गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, 'बाई, आता आपलं भांडान मिटलं.' त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. एखादं ओझं दोघांनी मिळून खाली ठेवावं तसं म्हणालात.

मी म्हणाले, 'बघू.'

प्रबंध टाइप होऊन आला होता. पक्क्या नोकरीची मुलाखत महिन्यावर होती. दोनाची एक जात झाली असती तर निम्मा प्रबंध नव्यानं लिहावा लागला असता, वर्ष गेलं असतं, कदाचित नोकरीही. ही कारणं आहेत, मामा. खरी आहेत. पण कारणंच आहेत.

एका रविवारी दुपारी कॉलेज बंद असताना मी प्रयोगशाळा उघडली. कपाटातून लोखंड कापायची करवत काढली आणि तो तुकडा मधोमध कापला. पोवळं कापताना आवाज होतो तो दगडाचाही नसतो, हाडाचाही नसतो. दोन्ही अर्ध्यांच्या कडेला तो मधला पट्टा दिसतच होता, जाडाचं पातळ होत जाणारा. तोच तर पुरावा. मी कानस घेतली आणि दोन बोटं रुंदीचा तो पट्टा घासून काढला. काळ्या कडप्प्यावर पांढरी पूड पडली. काही कपचे उडाले. ते सगळं हातानं ओढून मी टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. कणसुद्धा टाकायचा नाही हा नियम मीच केला होता.

मग दोन लेबलं लिहिली. जाड अर्ध्याला सतरा नंबर: 'बाहेरचा खडक'. पातळ अर्ध्याला एकतीस: 'आतलं डबकं'. तारखाही दोन दिवसांच्या अंतरानं घातल्या. डिंक त्या दिवशी मीच लावला, आणि शाई फुटली.

सोमवारी तुम्ही विचारलंत, 'बाई, आपला त्यो मोटा तुकडा?'

'सरांकडे पाठवला. पुण्याला.'

'बरं.'

तुम्ही टोपली उचललीत आणि बाहेर गेलात.

मला पदवी मिळाली. नोकरी पक्की झाली. पेढे तुम्हीच वाटलेत सगळ्या विभागात.

मग दर मार्चला डेड स्टॉकची, म्हणजे विभागाच्या कायमच्या सामानाची, तपासणी. मी रजिस्टर घेऊन खुर्चीत, तुम्ही स्टुलावर कपाटापाशी. मी नंबर वाचायचा, तुम्ही डबा बघून ओरडायचं.

'पंधरा!'

'हाय!'

'सोळा!'

'हाय, झाकान ढिलं हाय.'

'सतरा!'

'हाय!'

आणि एकतीस म्हटलं की तुमचा आवाज थोडा खाली यायचा. 'हाय. भावासंगं हाय.' मी उठायची, डबा खालच्या कप्प्यात न्यायची. पुढच्या मार्चला तो पुन्हा वर. इतकी वर्षं तो डबा मी उचलला, पण एकदाही उघडला नाही. डबे उघडून बघायचं काम तुमचं होतं ना.

तुम्हाला कळलं होतं हे मला कळत होतं. आणि तुम्ही बोलत नाही हा तुमचा मोठेपणा, असं मी स्वतःला सांगत आले. आज तसं सांगवत नाही. मी तुमची साहेब होते. तुमच्या पोराचं शिक्षण चाललं होतं, आणि एकदा बोललात तेव्हा मी तुम्हाला माठ भरायला पाठवलं होतं. गप्प बसण्याखेरीज मी तुमच्यासाठी काय ठेवलं होतं? मोठेपणा होताच. पण त्याच्या आड मी लपायला नको होतं.

तुम्ही निवृत्त झालात. हार, नारळ, शाल. मी भाषणात तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलले. बोलताना तुमच्याकडे बघितलं नाही.

आणि या हिवाळ्यात एक ई-मेल आली. कोकणात किनाऱ्यावर काम करणारी एक तरुण संशोधक. तिनं फार आदरानं लिहिलं होतं. मॅडम, तुमच्या प्रबंधात पातळ भिंतीच्या जातीची नोंद आहे. आम्ही दोन हिवाळे त्याच डबक्यांत शोधतोय. पातळ भिंतीचे गोळे दिसतात, पण आता पेशींमधून तपासता येतं, आणि तपासले की ते सगळे जाड भिंतीच्या जातीचेच निघतात. तुम्ही पाहिलेली ती दुसरी जात एकदाही सापडली नाही. समुद्र तापतोय, पोवळी पांढरी पडून मरतायत. ती इथून नाहीशी झाली असं नोंदवायच्या आधी तुमचे जुने नमुने बघायला मिळतील का?

मामा, मी ती मेल वाचून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. जे तिथे कधी नव्हतंच, ते मेलं म्हणून कुणीतरी पोरगी थंड पाण्यात वाकून शोधत होती. मी एक जीव कागदावर जन्माला घातला आणि आता लोक त्याचं सुतक धरायला निघाले होते.

चार दिवसांनी मी तुमच्या गावी आले. सांगायलाच आले होते. तुम्हाला सांगितल्याशिवाय तिला काय लिहिणार?

तुम्ही अंगणात बाजेवर होतात, अंगावर घोंगडं. इतके वाळला असाल असं वाटलं नव्हतं. मामी म्हणाल्या, 'बाई आल्यात, डोळं उगडा की.' तुम्ही डोळे उघडलेत आणि आधी मस्करी केलीत. 'काय बाई, कालेज चालू हाय का बुडवलं?'

'चालू आहे. नवा परिचर माठ अर्धाच भरतो.'

'मग पोरं निम्मीच शिकत असतील.'

मामी हुरडा भाजत होत्या. पुतण्यानं मेंढरं बांधावर आणली होती. तुम्ही पडल्यापडल्या मला एकेक दाखवत होतात, ती काळ्या तोंडाची चार दाती, ती तिची लेक. मी मान डोलवत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. मामा, मी त्या रविवारी. मामा, तो तुकडा. मामा, तुम्ही बरोबर होतात.

तुम्हीच विचारलंत. 'भावंडं कशी हायती?'

'बरी आहेत.'

'शेजारी हायती का?'

'हो.'

सगळं सांगायला आलेली मी पुन्हा खोटं बोलले. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मेंढराचं तोंड उघडून बघतात तसं. मग म्हणालात, 'मग झालं. हुरडा खावा बाई, गार हुतोय.'

पुन्हा येईन असं ठरवून मी परतले. अकराव्या दिवशी तुमच्या पुतण्याचा फोन आला.

काल मी स्टुलावर चढले. त्या संशोधक मुलीला नमुन्यांचे फोटो पाठवायचे होते आणि त्यासोबत सगळं खरं लिहायचं होतं. सतरा काढला. खालून एकतीस काढला. झाकण उघडलं. कापसावर तो अर्धा तुकडा, माझ्या फुटलेल्या शाईचं लेबल. तुकडा उचलला तर कापसाखाली काही टणक लागलं.

काचेची छोटी बाटली, आपल्या नमुन्यांची. बूच घट्ट, वर मेण. आत पांढरी पूड आणि तिच्यात सात-आठ कपचे. लेबल नव्हतं.

मी तिथेच स्टुलावर बसले. तुम्ही त्या सोमवारी टोपली उचलून बाहेर गेलात ते मला आठवत होतं. परत आलात तेव्हा फार वेळ झाला होता, हे काल आठवलं. कागद, पेन्सिलीची सालं, झुरळांचे पाय, त्या सगळ्यातून तुम्ही ती पूड वेगळी केली असणार. धान्य पाखडतात तशी. नमुन्याचा कणसुद्धा टाकायचा नाही. आणि लेबल लावलं नाहीत, कारण लेबल बाईंनी लिहायचं असतं. दर मार्चला तुम्ही डबा उघडत होतात, ती बाटली बघत होतात आणि 'हाय' म्हणत होतात.

मी कपचे चिमट्यानं काढून भिंगाखाली ठेवले. पाच नुसता चुरा. सहाव्यावर एक पेला शाबूत होता, अख्खा, ज्वारीच्या दाण्याएवढा. डावी भिंत जाड. उजवी पातळ. एका घराला दोन भिंती दोन हवामानांच्या. आणि आत, गोल फिरत, पडद्यांवर दात: दोन बारीक, एक मोठा. दोन बारीक, एक मोठा.

मी किती वेळ बघत होते माहीत नाही. मामा, मी नोकरीभर पोवळी बघितली, आणि हा एक पेला म्हणजे मी पाहिलेली सगळ्यात सुंदर वस्तू आहे. समुद्रानं घडवला, मी करवतीनं उडवला, आणि तुम्ही कचऱ्यातून उचलून माझ्याच कपाटात, माझ्याच नंबराखाली जपून ठेवलात. माझा गुन्हा आणि माझी सुटका, दोन्ही एकाच बाटलीत. आणि मी दर वर्षी ती हातात घेऊन कप्पा बदलत होते.

दोन्ही अर्धे मी टेबलावर जुळवून बघितले. जुळत नाहीत. मधे दोन बोटांची फट राहते. ती आता भरायची नाही. पूड पुन्हा घर होत नाही.

मुलीला सगळं लिहून पाठवलं, त्या पेल्याच्या फोटोसकट. विद्यापीठाला लिहिलं, प्राचार्यांना लिहिलं. पदवीचं काय करतील माहीत नाही. करतील ते रास्तच असेल. मुलीचं उत्तर आज सकाळी आलं. तिनं राग लपवला नाही. दोन हिवाळे, मॅडम, असं तिनं लिहिलंय. मग खाली एक ओळ: हा पेला ज्यांनी जपला त्यांचं नाव काय, नोंदीत घालायला हवं. मी तुमचं पूर्ण नाव लिहून पाठवलं. सव्वीस वर्षांत ते मी फक्त रजेच्या अर्जावर वाचलं होतं.

दोन्ही डबे आता वरच्या कप्प्यात आहेत, मधे बाटली. तिच्यासाठी लेबल लिहिलंय. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, घाई न करता:

'सतरा आणि एकतीस यांचा मधला भाग. जात एकच. मालवण, खडकाच्या भेगेवर, एक अंग लाटेकडे, एक अंग डबक्याकडे. शोधला: बिरूमामा. ओळखला: बिरूमामा. कापला: मी.'

लेबल बाटलीशेजारी ठेवलंय. डिंक काढून ठेवलाय. माझ्या हातून तो जास्त होतो, तुम्हाला माहीत आहे.

मामा, शाई वाळलीय.